एकोणसाठ वर्षं, चार महिने, अकरा दिवस

२ जुलै

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. पूर्वी हे शब्द मी नुसते लिहायचो. आता पोट आत गेल्यामुळे तो खरोखर घालता येतो. परवा घालून पाहिला. उठायला जरा वेळ लागला, पण ते असो.

तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला? फोनवर बोललेलं तपासता येत नाही. पस्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. कागदावर उतरल्याशिवाय माझा माझ्यावरही विश्वास बसत नाही.

तर मुद्दा असा. निवृत्त होण्याआधी मी तपासलेलं शेवटचं पुस्तक आहारावरचं होतं. रोजच्या ताटातून आजार कसे टाळावेत आणि शंभरी कशी गाठावी, असा विषय. एरवी मी पुस्तक वाचत नाही, अक्षरं वाचतो. पण याची तीन प्रुफं हाताखालून गेली आणि तिसऱ्या वेळी अक्षरांमागचा मजकूर दिसायला लागला. गेल्या आठवड्यात मला एकोणसाठ पूर्ण झाली. बाबा गेले तेव्हा ते एकोणसाठ वर्षं, चार महिने, अकरा दिवसांचे होते. मी मोजलंय. माझा तो दिवस येत्या नऊ नोव्हेंबरला येतो. बाबांना दुसऱ्या कुणी नाही, त्यांच्या ताटानं मारलं. ते तळलेले बटाट्याचे काप, ते लोणी, ते वरून घेतलेलं मीठ! मला त्या ताटावरून वेळेत उठायचंय.

सुरुवात केली आहे. आधी मीठ काढलं, मग साखर, मग तेल. जास्तीचा शब्द काढला की वाक्य घट्ट होतं, शरीराचंही तसंच. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावतो. दात तेवीसच उरलेत, त्यामुळे काहींना जादा पाळी करावी लागते. हिची मला पूर्ण साथ आहे. स्वैपाकाचा वेळ वाचतो म्हणून ती आता रोज संध्याकाळी तासभर फिरायला जाते. गालांवर काय तजेला आलाय म्हणून सांगू!

सोबत तुझ्यासाठी तक्ता पाठवतोय. सत्तरी जवळ आली, आता तरी स्वतःला जप.

तुझा,
बारक्या

९ जुलै

चि. बारक्यास,

आशीर्वाद, बिनमिठाचे. तक्ता पोचला. स्वैपाकघरातल्या भिंतीवर चिकटवलाय, तिथला रंग उडाला होता.

अरे, एकतीस वर्षं मी इस्पितळाच्या स्वैपाकघरात काढली. बिनसाखरेचं ताट, बिनतेलाचं ताट, मऊ ताट, पातळ ताट, अशी रोज तीनशे. आणि तू मला तक्ता पाठवतोस? पालेभाजी खा, डाळी खा, फळ खा, तळण कधीमधी, मीठ हात राखून, आणि जेवल्यावर थोडं चाल. तुझा लेखक एवढंच सांगत असेल तर तो खोटं बोलत नाही. फक्त ते सांगायला त्याला तीनशे पानं लागली. मी हेच खाते, पण मी पुस्तक लिहिलं नाही, आणि लिहिलं असतं तर तू त्यात चुका काढल्या असत्यास.

ताटातलं वाईट काढणं वेगळं आणि ताटच काढणं वेगळं. 'खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी' हा तुझा जुना स्वभाव. लहानपणी बुद्धिबळात एक प्यादं गेलं तरी अख्खा पट उधळायचास.

दोन गोष्टी विचारते. तुझ्या लेखकाचं वय काय? शंभरी गाठायची कशी हे त्यानं स्वतः करून पाहिलंय, की नुसतं ऐकून आहे? आणि बाबा दिवसाला तीस सिगारेटी ओढायचे, बस चालवताना एकीवर दुसरी पेटवायचे, ते तुझ्या गणितात कुठल्या पानावर आहे?

बाबांना त्यांच्या ताटानं मारलं असं तू लिहिलंस. वाचलं. त्यावर आज काही लिहीत नाही.

तुझी,
ताई

३१ ऑगस्ट

ती. ताईस,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला. लिहिताना हाताला हल्ली कंप येतो. पुस्तकात म्हटलंय की शरीरातली घाण बाहेर पडताना असं होतं.

लेखक एकेचाळीस वर्षांचा आहे. म्हणजे त्याच्याकडे अजून भरपूर वेळ आहे, यातच सगळं आलं. सिगारेट मी आयुष्यात ओढली नाही, म्हणून ती गणितात नाही. उरतं ते ताट.

प्रगती चांगली आहे. भात, पाव, दूध, अंडी, बटाटे ही मंडळी गेली. फळांतली गोड फळं गेली. राहिली पालेभाजी, मूठभर उकडलेल्या डाळी आणि अक्रोडाचे चार अर्धे तुकडे. सगळं छापखान्यातल्या जुन्या काट्यावर तोलून घेतो. ही दर सोमवारी सामानाची यादी लिहिते आणि मी लाल पेनानं ती तपासून देतो. गेल्या सोमवारी यादीत कपड्यांचा साबण तेवढा उरला. हिनं यादीची घडी घातली आणि पिशवी घेऊन निघाली. तिला पटत चाललंय असं दिसतं.

परवा रस्त्यात छापखान्यातला जुना जोडीदार भेटला. वीस वर्षं आम्ही समोरासमोर बसलो. तो मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा आणि मी प्रुफ बघायचो. तो मला न ओळखताच पुढं गेला! मी हाक मारली तेव्हा किती तरी वेळ बघतच राहिला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. माणूस इतका बदलू शकतो हे त्याला खरंच वाटेना. वजन आता सत्तेचाळीस किलो. शाळेच्या शेवटच्या वर्षी एवढंच होतं.

आजपासून सत्तर दिवस.

तुझा,
बारक्या

६ सप्टेंबर

ती. वन्संना,

नमस्कार. मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही. सुई चालवणाऱ्या बाईला पेनाची सवय नसते, सांभाळून घ्या.

त्यांनी तुम्हाला काय काय लिहिलंय ठाऊक नाही. मी काय झालं ते सांगते. त्यांची विजार मी चौथ्यांदा आत घेतली. आता मागचे दोन्ही खिसे एकमेकांना चिकटलेत, पाचव्यांदा घ्यायला कापडच नाही. लोकांचे कपडे शिवता शिवता माझे केस पिकले, पण एवढं कापड कुणाच्या अंगावरून काढलेलं नाही.

परवा ते जिन्यात पडले. शेजारच्या दोघांनी उचलून आणलं. एक पुरे होता, वन्सं, त्या दुसऱ्याला करायला काही नव्हतं. डॉक्टर आले. रक्त कमी झालंय, हृदयही अशक्त झालंय, खायला सुरुवात केली नाहीत तर हिवाळ्याची खात्री देत नाही, असं स्पष्ट म्हणाले. आहार लिहून दिला. ह्यांनी त्या कागदावर लाल पेनानं दुरुस्त्या केल्या आणि डॉक्टरांना परत पाठवला.

तुम्ही मला बोल लावाल म्हणून आधीच सांगून टाकते. मी संध्याकाळी फिरायला जाते म्हणजे कोपऱ्यावरच्या खानावळीपर्यंत जाते. तिथं पोटभर जेवते आणि तोंड धुऊन घरी येते. चोरून खाल्लेलं गोड लागत नाही, पण दोघांनी उपाशी राहून कुणाचंच भलं होणार नाही.

दाराच्या मागं त्यांनी कॅलेंडर लावलंय. रोज एक दिवस खोडतात. नऊ नोव्हेंबरभोवती लाल चौकट आहे. मी म्हटलं, अहो, निदान दूध तरी घ्या. तर म्हणतात, दहा तारखेपासून तू म्हणशील ते खाईन. त्यांना शंभर वर्षं जगायचं नाहीये, वन्सं. त्यांना फक्त दहा नोव्हेंबर बघायचाय. आणि ह्या गतीनं तेवढा एकच दिवस त्यांना दिसायचा नाही.

माझं ते ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील.

तुमची,
भावजय

११ सप्टेंबर

चि. बारक्यास,

आशीर्वाद. हे पत्र बसून वाच.

तू लिहिलंस की बाबांना त्यांच्या ताटानं मारलं. दोन महिने मी ते वाक्य गिळून बसले आहे. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्या दिवसापासून बाबा जाईपर्यंत ते ताट रोज मी वाढलं. काप मी तळायचे, लोणी मी लावायचे, कारण बारा तास बस चालवून आलेला माणूस दुसरं काही मागतच नव्हता. तेव्हा मारलं असेल तर ताटानं नाही, मी मारलं. तसं म्हणायचं असेल तर सरळ तसं लिही. तुझ्यासारख्या माणसानं कर्ता गाळून वाक्य लिहू नये.

आता दुसरी गोष्ट. ही मी कुणाला कधी सांगितली नाही. आई गेल्यावर काही वर्षांनी तू तापानं अंथरूण धरलंस ते जवळजवळ दोन वर्षं. बरा झालास तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. शेजारीण म्हणाली, आठ वर्षांचा घोडा पहिलीत कोण घेणार? बाबा कामावर होते. मी तुला कडेवर घेऊन शाळेत गेले. हेडमास्तरीणबाईंनी चष्म्यावरून तुझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किती वर्षांचा?" मी म्हटलं, "सहा." तू इतका किरकोळ होतास की त्या म्हणाल्या, "पाच लिहू का?" शेवटी त्यांनी सहा लिहिलं, तेच पुढं दाखल्यावर आलं, तेच नोकरीत लागलं. तुला दोन वर्षं जास्त नोकरी मिळाली, म्हणून मी गप्प बसले.

तेव्हा तुला एकोणसाठ पूर्ण झालेली नाहीत. एकसष्ट झाली आहेत. ज्या नऊ नोव्हेंबरची तू वाट बघतोयस तो दोन वर्षांपूर्वी येऊन गेला. तुला न विचारता आला आणि गेला. बाबांच्या वयाच्या पुढं तू केव्हाच निघून आलायस, आणि तेही भात, बटाटे, पाव सगळं खाऊन.

जेव आता.

तुझी,
ताई

१४ सप्टेंबर

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र आज दुपारी आलं. लगेच लिहितोय, अजून डोकं ठिकाणावर नाही.

आधी जुनी डायरी काढली. दोन वर्षांपूर्वीच्या नऊ नोव्हेंबरला छापखान्याच्या मालकांच्या मुलीचं लग्न होतं. मी लिहिलंय : 'जेवण उत्तम. काप तीनदा घेतले.' म्हणजे ज्या दिवशी मी मरायचा होतो त्या दिवशी मी हातात ताटली घेऊन तिसऱ्यांदा रांगेत उभा होतो!

हिला सांगितलं. ती आधी हसायला लागली, मग तिथंच मशीनवर डोकं टेकून रडायला लागली. मग उठली आणि भात टाकला. मी जेवलो. किती वेळा चावलं ते मोजलं नाही.

बाबांच्या ताटाबद्दल मी जे लिहिलं त्याची मला लाज वाटते. ते ताट कोण वाढायचं हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याचा विचार केला नव्हता, हे जास्त वाईट.

एकच गोष्ट मनातून जात नाही. मी दोन वर्षांनी मोठा असेन, तर आई गेली तेव्हा मी एक वर्षाचा नव्हतो, तीन वर्षांचा होतो. तीन वर्षांच्या पोराला आई थोडी तरी आठवायला हवी, नाही का? एखादा हात, एखादं लुगडं, काही तरी. मी आज दुपारपासून आठवून बघतोय.

तुझा,
बारक्या

१८ सप्टेंबर

माझ्या गुणी भावजयीस,

आशीर्वाद. तो जेवतोय हे वाचून बरं वाटलं. एकदम भरभरून वाढू नकोस, आतडी उपासाला सवकलेली असतात. आठवडाभर थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा : पेज, मऊ भात, डाळ, दही, अंडं. मग हळूहळू नेहमीचं. डॉक्टरांना पुन्हा बोलाव. मीठ बेतानंच घाल, त्या बाबतीत त्याचं पुस्तक बरोबर आहे. आणि खानावळवाल्याला माझा नमस्कार सांग.

आता तुला एकटीला सांगते. मी त्याला जे लिहिलं त्यातलं दोन वर्षांचं एक अक्षर खरं नाही. ताप दोन महिने होता. शाळेत घातला तेव्हा तो सहाच वर्षांचा होता. त्याची जन्मतारीख दाखल्यावर आहे तीच आहे, आणि एकोणसाठही तीच आहेत.

'ताई खोटं बोलत नाही' हे आमच्या घरात सगळ्यांनी धरून ठेवलेलं. एकोणसत्तर वर्षं ते मी जपलं, आणि वापरलं ते एकदाच. वाईट वाटतंय असं म्हणणार होते, पण वाटत नाही. फक्त त्यानं आईबद्दल लिहिलंय ते वाचून हात थांबला. भावाचं वय वाढवताना आपण त्याच्या पदरात आईची दोन वर्षं टाकतोय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आता तो बिचारा नसलेलं काही तरी शोधत बसेल. त्याला काय उत्तर द्यावं ते मला सुचत नाही, म्हणून तुला लिहितेय.

मुलगा बापाच्या वयाला पोचला की मरतो असं काही नसतं. इस्पितळात मी हजार माणसं आलेली-गेलेली पाहिली, कुणी बापाचा दाखला घेऊन मेलं नाही. हे मला चांगलं कळतं. तरीसुद्धा नऊ नोव्हेंबर आता माझ्या मानगुटीवर बसलाय. त्यानं मोजणं थांबवलं आणि मी सुरू केलं. तू मोजू नकोस. दोघींनी मोजलं तर चेहऱ्यावर दिसेल.

आठ तारखेला मी येते. दाढ दाखवायची आहे असं सांगेन. हे पत्र बारीक फाड. मोठे तुकडे ठेवलेस तर तो जोडून वाचेल.

तुझी,
नणंद

१२ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार. सुखरूप पोचलीस असं शेजाऱ्यांकडून कळलं. दाढेचं काय झालं ते कळलं नाही. चार दिवसांत तू दातांच्या डॉक्टरांचं नावही काढलं नाहीस.

वजन छप्पन किलो झालं. डॉक्टर खूष आहेत. सकाळी अर्धा तास चालतो, पालेभाजी आणि डाळी सोडलेल्या नाहीत, काप रविवारी. सामानाची यादी आता ही लिहिते आणि मी ती न वाचता पिशवी घेऊन निघतो.

आता एक सांगायचंय. प्रुफं तपासणारा माणूस दोनदा वाचतो. पहिल्यांदा अर्थासाठी, दुसऱ्यांदा चुकांसाठी. तुझं सप्टेंबरचं पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा नुसता अर्थ वाचला, आणि लगेच तुला लिहून टाकलं. ते लिहिलं तेव्हा सगळं खरं मानूनच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी आईला आठवत बसलो. आई काही येईना. शाळा मात्र यायला लागली. त्यात खोकणारे म्हातारे हेडमास्तर आले. पहिल्या दिवशी माझं नाव त्यांनीच लिहून घेतलं होतं, आणि मी त्यांच्या खोकल्याला घाबरून तुझ्या मागं लपलो होतो. हेडमास्तरीणबाई आल्या तेव्हा मी तिसरीत होतो. त्यांच्या स्वागताला शाळा रांगेत उभी केली होती आणि सगळ्यांत बुटका म्हणून मला पुढं ठेवलं होतं. मग पत्र पुन्हा काढलं आणि दुसऱ्यांदा वाचलं.

म्हणजे पंधरा सप्टेंबरपासून मला ठाऊक आहे.

सामानाच्या यादीवर पुन्हा लाल पेन चालवणार होतो. हातात घेतलंही होतं. मग मनात आलं, ताई आयुष्यात कधी खोटं बोलली नाही. तिला आज बोलावं लागलं, तर मी कसा दिसत असेन? आरशात पाहिलं. इतके दिवस मी आरशात फक्त वजन बघत होतो. त्या दिवशी माणूस बघितला, आणि ताई, मी फार घाबरलो. नऊ नोव्हेंबरला घाबरत होतो त्याच्यापेक्षा जास्त. पेन ठेवलं आणि जेवायला बसलो.

नऊ तारखेला मीही घाबरलेलोच होतो, खोटं कशाला सांगू. पण तुम्हा दोघींसमोर घाबरायची सोय नव्हती. दूध उतू जाईल म्हणून चुलीपाशी उभं राहावं तशा तुम्ही दिवसभर माझ्याभोवती उभ्या. मी खोकलो की हिची सुई थांबायची. दुपारी जरा डोळा लागला तर तू दोनदा येऊन माझा श्वास बघून गेलीस. मी डोळे मिटून पडलो होतो, झोपलो नव्हतो. तिघंही एकमेकांपासून एकच तारीख लपवत होतो, आणि कॅलेंडरवर तिच्याभोवती लाल चौकट तशीच होती. कुणाला ती पुसायचं सुचलं नाही!

आणखी एक पाहिलं. तू मला तीनदा वाढलंस. स्वतःच्या ताटात घेतलंस, पण त्यातला एक घास तू खाल्ला नाहीस.

पस्तीस वर्षांत डोळ्यांना दिसलेली एकही चूक मी जाणूनबुजून सोडली नव्हती. ही सोडतोय. आजपासून मी एकसष्ट वर्षांचा. कुणी विचारलं तर तसंच सांगणार आहे. हिलाही काही सांगायचं नाही. तुला सांगितलं, कारण आईबद्दल मला काय उत्तर द्यावं, हे तू तिकडं अजूनही शोधत बसली असशील.

एकोणतीस जूनला मी बासष्ट पूर्ण करीन. त्या दिवशी ये. स्वैपाक मी करणार आहे, वाढणारही मीच. तू नुसतं बसायचं आणि जेवायचं.

तुझा,
बारक्या